भरलेलं ताट, लपवलेलं पेन

सांगलीहून एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील वगळून त्याचा सारांश असा :

वय ४७. पतसंस्थेत नोकरी. सहा वर्षांपासून मधुमेह, त्यासाठी मिरजेच्या डॉक्टरांनी दिलेल्या मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड या गोळ्या रोज सकाळी चालू आहेत. अकरा आठवड्यांपूर्वी वजन कमी करण्याच्या एका क्लिनिकमधून सेमाग्लुटाइडचं आठवड्यातून एकदा, पेनसारख्या सिरिंजने घ्यायचं इंजेक्शन सुरू केलं. आधी चार आठवडे ०.२५ मिलिग्रॅम, मग चार आठवडे ०.५, आता तीन आठवडे १ मिलिग्रॅम. वजन ८६ किलोवरून ८१ वर आलं. पण मळमळ, करपट ढेकर, चार-चार दिवस पोट साफ न होणं आणि आता केसांचे पुंजके हातात येणं, असा त्रास सुरू आहे. पुण्यातल्या मावसबहिणीने हेच इंजेक्शन घेतलं, तिला काहीच झालं नाही आणि तिचं वजन चौदा किलोंनी उतरलं. इंजेक्शनचं घरी फक्त यजमानांना माहीत आहे, सासूबाईंना आणि जाऊबाईंना नाही. कळलं तर "आयतं बारीक व्हायला निघाली" असं म्हणतील, ही धास्ती. मिरजेच्या डॉक्टरांनाही सांगितलेलं नाही, कारण ते रागावतील. वैशाखात पुतण्याचं लग्न आहे. क्लिनिकमधली मुलगी म्हणते, "त्रास होतोय म्हणजे चरबी जळतेय, पुढचा डोस लवकर घ्या." तर सोसावं, डोस वाढवावा की बंद करावं?

ताई,

मळमळीपासूनच उत्तराला सुरुवात करणार होते. पण पत्राच्या मध्येच तुम्ही एक ओळ उरकून टाकली आहे : "कधी कधी संध्याकाळी पाचच्या सुमारास कॅश जुळवताना हात थरथरतात, घाम फुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. बिस्किट खाल्लं की बरं वाटतं. अशक्तपणा असावा." केस, ढेकर, लग्न हे सगळं थोडं थांबू शकतं. ही ओळ थांबू शकत नाही. ही रक्तातली साखर उतरल्याची लक्षणं वाटतात.

तुम्ही जेवा किंवा जेवू नका, ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावतेच. ती गोळी ठरली तेव्हा तुम्ही दुपारी दोन भाकऱ्या, भाजी, आमटी, भात असं जेवत होता. आता डबा निम्मा परत येतो म्हणता, गोळी मात्र तेवढीच आहे. सेमाग्लुटाइड एकटं असेल तर साखर सहसा फार खाली जात नाही, कारण रक्तात साखर वाढलेली असतानाच ते इन्शुलिनला जोर देतं. ग्लिमेपिराइडसारख्या गोळीच्या किंवा इन्शुलिनच्या जोडीला ते आलं, की साखर उतरण्याचा धोका वाढतो. त्यामुळे हे इंजेक्शन सुरू करताना डॉक्टर त्या गोळीचा डोस अनेकदा आधीच कमी करतात. तुमचा झाला नाही. गोळी देणाऱ्यांना इंजेक्शन माहीत नाही, आणि इंजेक्शन देणाऱ्यांना तुम्ही "शुगरच्या गोळ्या चालू आहेत" एवढंच सांगितलंत. त्यांनीही गोळ्यांचं पाकीट बघायला मागितलं नाही, ही त्यांची चूक. पण त्रास तुमच्या वाट्याला येतोय.

म्हणून उद्या सकाळची गोळी घेण्याआधी मिरजेच्या डॉक्टरांना फोन करा. घरात ग्लुकोमीटर नसेल तर आजच मेडिकलमधून आणा. पुन्हा थरथर, घाम, धडधड सुरू झाली तर आधी बोट टोचून आकडा बघा. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात ढवळून प्या, किंवा ग्लुकोज पावडर घ्या. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. अजूनही खालीच असेल तर तेवढीच साखर परत घ्या, आणि वर आली की थोडं काही खा. मीटर हाताशी नसेल तर आकड्याची वाट न बघता साखर घ्या. बिस्किटावर किंवा आमच्या साताऱ्याच्या कंदी पेढ्यावर अशा वेळी भिस्त ठेवू नका. खव्या-तुपातली साखर रक्तात पोचायला वेळ लागतो, आणि तुमचं पोट तर सध्या आधीच सावकाश रिकामं होतंय. पतसंस्थेतल्या खणात साखरेची पुडी ठेवा, आणि शेजारच्या टेबलावरच्या एखादीला "मी घामाघूम होऊन गप्प बसले तर ही पाण्यात घालून दे" एवढं सांगून ठेवा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काही घालायचं नाही, थेट दवाखाना गाठायचा. आणि संकष्टीचे उपास, ते औषधांची नीट घडी बसेपर्यंत बाजूला ठेवा. दिवसभर रिकामं पोट, वर ती गोळी, आणि चंद्रोदयाला तेलकट साबुदाण्याची खिचडी, यातलं तुम्हाला सध्या काहीच झेपणारं नाही. सांगलीचा गणपती तेवढं समजून घेईल.

आता मळमळ.

हे औषध आपल्याच आतड्यातल्या जीएलपी-१ नावाच्या हार्मोनसारखं काम करतं. जेवण झाल्यावर ते हार्मोन मेंदूला "पुरे" म्हणून कळवतं आणि जठरातून अन्न पुढे सरकण्याचा वेग कमी करतं. आपलं नैसर्गिक हार्मोन काही मिनिटांत विरतं. सेमाग्लुटाइडचा अंमल मात्र निम्म्यावर यायलाच साधारण आठवडा लागतो. म्हणजे "पुरे" हा निरोप दिवसरात्र चालू राहतो. भूक त्यानेच मरते, आणि मळमळ, करपट ढेकर, छातीतली जळजळ, कुंथणं हेही त्याच वाटेने येतं. साखर कारखान्याच्या सीझनमध्ये तुम्ही बघितलंच असेल : आत गव्हाण (ऊस आत ओढून नेणारा पट्टा) सावकाश चालत असेल आणि शिवारातून उसाच्या गाड्या पहिल्याच वेगाने येत राहिल्या, तर रांग पार रस्त्यावर येते. तुमच्या पोटात तेच चाललंय. गव्हाण मुद्दाम हळू केली आहे, तर गाड्या कमी सोडायला हव्यात.

आणि इथेच तुमच्या पत्रातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट येते. तुम्ही लिहिलंय की उलट्या रोज होत नाहीत, "रविवारी आणि कुणाकडे जेवायला गेलं की" होतात. शनिवारी रात्री सगळे झोपल्यावर तुम्ही इंजेक्शन घेता. रविवारी घरात मटण असतं, सगळे एकत्र जेवायला बसतात, आणि सासूबाईंना संशय येऊ नये म्हणून तुम्ही पूर्वीइतकंच वाढून घेता. ताटात टाकायचं नाही म्हणून संपवता. मग संध्याकाळी बाथरूमचा नळ सोडून ओकता. ताई, ही ओकारी निव्वळ इंजेक्शनची नाही. निम्मी लपवाछपवीची आहे. सेमाग्लुटाइडची रक्तातली पातळी घेतल्यानंतर एक ते तीन दिवसांत सर्वात वर असते. नेमक्या त्याच दिवशी तुम्ही पोटावर आठवड्यातलं सगळ्यात जड जेवण लादता, तेही भूक नसताना, केवळ नाटक म्हणून.

यावर पहिला उपाय फुकटातला आहे : वार बदला. दोन इंजेक्शनांमध्ये किमान दोन पूर्ण दिवसांचं अंतर राहत असेल तर ठरलेला वार बदलता येतो. डॉक्टरांना कळवून सोमवार-मंगळवार धरा. तेव्हा घरचा साधा डबा असतो, पाहुणेरावळे नसतात. रविवार येईपर्यंत जोर थोडा ओसरलेला असेल. तरी रश्शाची वाटी अर्धीच, आणि वरची तर्री बाजूला काढून. जास्त तेल-तूप आधीच सावकाश पुढे सरकतं.

दुसरा उपाय घरात तोंड उघडण्याचा. सगळ्यांना सगळं सांगा असं मी म्हणत नाही. इंजेक्शनचं नाव, किंमत, कुठून आणलं हे तुमचं खासगी आहे. पण "औषधांमुळे मला थोडं-थोडं आणि सावकाश खावं लागतंय, आग्रह करू नका" हे वाक्य पूर्ण खरं आहे आणि ते सासूबाईंसमोर म्हणायला हरकत नाही. जाऊबाईंना मात्र खरं सांगून टाका असं मला वाटतं. स्वयंपाकघरात तुमच्याबरोबर त्या असतात. उद्या साखर उतरून तुम्ही ओट्यापाशी कोसळलात, तर काय करायचं हे त्यांना माहीत असलेलं बरं.

"आयतं बारीक व्हायला निघाली" या टोमण्याची एवढी धास्ती कशासाठी? माझा अंदाज सांगते, चुकला तर सोडून द्या. तो टोमणा तुमचा तुम्हालाच पटलेला आहे. कष्ट न करता वजन उतरतंय, तर निदान त्रास तरी सोसला पाहिजे, असा काहीतरी हिशोब तुम्ही मनात मांडलाय. क्लिनिकमधल्या मुलीचं "त्रास होतोय म्हणजे चरबी जळतेय" हे तुम्हाला म्हणूनच इतकं चटकन पटलं. सासूबाई वीस वर्षं बीपीची गोळी घेतात असं तुम्हीच लिहिलंय. ती घेताना त्यांना कुणी "आयतं बीपी उतरवता" म्हटलेलं नाही. मधुमेह, वजन, भूक यांत हार्मोनांचा, आनुवंशिकतेचा, झोपेचा, रजोनिवृत्तीच्या आसपासच्या बदलांचा हात असतो. औषध घेणं ही काही चोरी नव्हे.

आणि ते चरबी जळण्याचं तर साफ चूक आहे. या औषधाच्या मोठ्या चाचण्यांची आकडेवारी एकत्र करून तपासली गेली, तेव्हा पोटाचा त्रास झालेल्यांच्या आणि न झालेल्यांच्या वजनातल्या घटीत फारसा फरक दिसला नाही. म्हणजे ओकारी हा औषध लागू पडल्याचा पुरावा धरता येत नाही. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्टेप-१ या चाचणीत सेमाग्लुटाइड घेणाऱ्या दर १०० जणांपैकी ४४ जणांना कधी ना कधी मळमळ झाली. नुसतं पाण्यासारखं खोटं इंजेक्शन घेणाऱ्यांतही १७ जणांना झालीच. पोटाच्या त्रासामुळे औषध सोडावं लागलेले मात्र शंभरात पाचाहून कमी. बहुतेकांचा त्रास डोस वाढवण्याच्या आठवड्यांत होतो आणि नंतर उतरत जातो. म्हणून तुमची मळमळ असाधारण नाही, पण ती वाढवण्यात शहाणपणही नाही.

मावसबहिणीशी तुलना मी मुद्दाम इथे घेते. तिला मधुमेह नाही असं तुम्ही ओघात लिहिलंय, आणि सगळा फरक तिथेच आहे. स्टेप-१ मध्ये मधुमेह नसलेल्या लोकांचं वजन ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के उतरलं. स्टेप-२ ही चाचणी मधुमेह असलेल्यांवर झाली, औषध तेच, डोस २.४ मिलिग्रॅम, आठवडे तेवढेच, आणि घट सरासरी ९.६ टक्के. मधुमेहात वजन सावकाश उतरतं. तुमचे ८६ वरून ८१, म्हणजे जवळपास सहा टक्के, तेही अकरा आठवड्यांत आणि मधल्या डोसवर. ही घट छान आहे. पाच टक्क्यांच्या पुढे साखर, बीपी, गुडघे यांवर फरक दिसायला लागतो. तुम्ही मागे पडलेला नाही.

म्हणूनच डोस लवकर वाढवू नका. ०.२५, ०.५, १, १.७, २.४ या पायऱ्या प्रत्येकी किमान चार आठवड्यांच्या असतात, आणि ते विनाकारण नाही. नव्या डोसची रक्तातली पातळी स्थिर व्हायलाच चार-पाच आठवडे लागतात. तुमच्या १ मिलिग्रॅमचा पूर्ण अंमल अजून यायचा आहे. त्यावर १.७ चढवलं तर दोन्हींचा जोर एकत्र बसेल, आणि औषध आठवडाभर अंगात राहत असल्यामुळे "नको झालं" म्हणून दुसऱ्या दिवशी ते काढून टाकता येत नाही. उलट मळमळ सहन होत नसेल तर आहे त्याच डोसवर आणखी चार आठवडे थांबणं किंवा एक पायरी खाली उतरणं, हे डॉक्टर सर्रास करतात. वरच्या पायरीवर पोचलंच पाहिजे असा काही नियम नाही. जिथे वजन उतरतंय आणि माणूस नीट जेवतोय, ती पायरी पुरे.

खाण्याचं थोडं तपशिलात सांगते, कारण या बाबतीत फुकटचे सल्ले फार मिळतात. एका वेळी वाटीभर, दिवसातून चार-पाच वेळा. सावकाश चावून. पोट भरल्याची पहिली जाणीव झाली की तिथेच थांबायचं. "एवढा घास" पुढे नको, कारण उलटी बहुधा त्या घासाची असते. जेवल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही. पाणी जेवताना घटाघट पिऊ नका, मधल्या वेळात घोट-घोट प्या, एरवी पाण्यानेच पोट भरतं. तिखट कोल्हापुरी रस्सा, भजी, वडापाव, तेलात परतलेलं तिखट भडंग हे मळमळीच्या दिवसांत टाळा. सांगलीकराला भडंग सोडा म्हणणं जिवावर येतं, पण इंजेक्शननंतरचे दोन-तीन दिवस तरी.

भूक कमी असते तेव्हा पहिला घास प्रथिनांचा हवा : मऊ शिजवलेली मुगाची डाळ, उकडलेलं अंडं, पनीर, दही, मोड आलेल्या मटकीची उसळ, आपल्याकडचा अख्खा मसूर, पण ढाब्यावरचा तेलाचा तवंग असलेला नव्हे, घरचा. भाकरी नंतर. बऱ्याच बायका याच्या उलट करतात. चहा-खारी, ताक-भात यावर दिवस काढतात, कारण तेवढंच उतरतं. वजन कमी होताना चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि सत्तेचाळिशीत गेलेले स्नायू परत मिळवणं कठीण असतं. आठवड्यातून दोन-तीन दिवस स्नायूंना जोर पडेल असा व्यायाम करा. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीला रेटून दंड, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं, यासाठी जिम लागत नाही. आमराईतल्या फेऱ्या चालूच ठेवा, पण त्या पुरेशा नाहीत.

बद्धकोष्ठतेबद्दल एकच सावधगिरी. तुम्ही रात्री इसबगोल घेता, आणि दिवसभरात पाणी तीन-चार ग्लास. इसबगोलाला पाणी कमी पडलं तर ते आत घट्ट होऊन बसतं. आधी पाणी वाढवा, मग पालेभाजी, पेरू, भिजवलेले बेदाणे (साखर बघत, चार-पाचच), मग इसबगोल. तरी पोट साफ झालं नाही तर डॉक्टर मल मऊ करणारं औषध देतील, ते घ्यायला लाजू नका. पोट फुगलंय, वारासुद्धा सरत नाही आणि उलट्या होताहेत, असं झालं तर घरगुती उपाय करत बसायचं नाही. लगेच दाखवायचं.

केसांचं ऐकून घाबरू नका. वजन झपाट्याने उतरलं किंवा खाणं एकदम तुटलं, की बरेचसे केस एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी गळायला लागतात. बाळंतपणानंतर किंवा टायफॉइडनंतर गळतात, तोच प्रकार. मुळं शाबूत असतात आणि काही महिन्यांत केस परत येतात. मात्र हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉइड आणि बी-१२ तपासून घ्या. बी-१२ मुद्दाम सांगतेय, कारण वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ते कमी होतं. महागडी तेलं आणि केसांच्या गोळ्या घेण्याआधी हे रिपोर्ट करा.

आता तुमच्यासाठी आणि हेच इंजेक्शन किंवा याच जातीचं टिर्झेपाटाइड घेणाऱ्या इतर वाचकांसाठी, जे सोसायचं नाही ते. वरच्या पोटात जोराची, न थांबणारी कळ, पाठीत जाणारी, उलटीसह किंवा उलटीशिवाय : ही स्वादुपिंडाची सूज असू शकते. आपल्याकडे अशा कळीला "पित्त झालं" म्हणून दोन दिवस गोळ्या आणि थंड दूध चालतं. तसं करू नका. पुढचं इंजेक्शन थांबवा आणि त्याच दिवशी रुग्णालयात जा. उजव्या बरगडीखाली दुखणं, ताप, डोळे पिवळे : वजन भराभर उतरताना पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो, सोनोग्राफी लागेल. दिवसभर पाणीसुद्धा पोटात टिकत नाही, लघवी कमी आणि गडद झाली, उठताना चक्कर येते : शरीर कोरडं पडून मूत्रपिंडांवर ताण येतो. पुडीवरच्या मापाने कालवलेलं ओआरएस घोट-घोट घ्या आणि डॉक्टरांना फोन करा, कारण अशा वेळी मेटफॉर्मिन आणि बीपीची काही औषधं तात्पुरती थांबवावी लागतात. एका डोळ्याला अचानक कमी दिसू लागलं तर तासाभराचाही उशीर नको. ते फार क्वचित होतं, पण होतं. आणि मधुमेह असलेल्यांनी डोळ्याच्या पडद्याची तपासणी केली नसेल तर करून घ्या. साखर वेगाने खाली येते तेव्हा पडद्याचा जुना आजार काही काळ बळावू शकतो. तुमची तपासणी "लॉकडाऊनमध्ये राहून गेली ती गेलीच" असं लिहिलंय. मिरजेत डोळ्यांच्या डॉक्टरांची काय वानवा! कर्नाटकातून लोक तिथे येतात, तुम्हाला तर बसने अर्धा तास.

काही गोष्टी पटकन. घरात कुणाला मेड्युलरी प्रकारचा थायरॉइडचा कॅन्सर झाला असेल तर हे औषध घ्यायचं नसतं. पूर्वी स्वादुपिंडाला सूज आली असेल तर आधी सांगायचं. मूल हवं असेल तर सेमाग्लुटाइड किमान दोन महिने आधी बंद करावं लागतं. टिर्झेपाटाइड घेताना गर्भनिरोधक गोळ्यांचा भरवसा कमी होतो, सुरुवातीला आणि प्रत्येक डोस वाढवल्यावर चार आठवडे दुसरी काळजी घ्यायची. भूल देऊन कोणतीही शस्त्रक्रिया किंवा एंडोस्कोपी असेल तर भूलतज्ज्ञांना इंजेक्शनचं सांगायचं, पोटात अन्न उरलेलं असू शकतं. एकाचं पेन दुसऱ्याने वापरायचं नाही, सुई बदलली तरी नाही. तुमच्या ऑफिसातल्या दोघी एक पेन वाटून घेतात म्हणता, त्यांना हे वाचायला द्या.

तुमचं पेन तुम्ही फ्रीजच्या सगळ्यात आतल्या कोपऱ्यात, पेढ्याच्या रिकाम्या खोक्यात लपवता. मागच्या भिंतीला लागून बऱ्याच फ्रीजमध्ये बर्फ धरतं. एकदा गोठलेलं औषध वितळलं तरी वापरायचं नसतं. ते २ ते ८ अंशांत हवं, म्हणजे मधल्या कप्प्यात पुढच्या बाजूला. लग्नाला गाडीने जाताना थंड पिशवीत घ्या, पण बर्फाच्या पाकिटाला चिकटवून नको, आणि वैशाखात उन्हात उभ्या गाडीत तर अजिबात नको.

बंद करावं का, हा प्रश्न तुम्ही शेवटी विचारलाय, आणि त्यामागचा बेत मला दिसतोय : लग्नापर्यंत घ्यायचं आणि मग सोडायचं. स्टेप-१ मधल्या काही लोकांवर औषध थांबवल्यानंतर वर्षभर लक्ष ठेवलं गेलं. उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश परत आलं. भूक परत येते, कारण तिला दाबणारं औषध गेलेलं असतं. यात इच्छाशक्तीचा काही दोष नाही. म्हणून हे मुहूर्त गाठायचं औषध नाही. तुम्हाला ते मधुमेहासाठीही उपयोगी आहे, त्यामुळे चालू ठेवण्याकडे माझा कल आहे, पण एकाच डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि वर्षाचा खर्च आधी यजमानांबरोबर बसून मांडून. सेमाग्लुटाइडच्या भारतातल्या मूळ पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतचीच होती, त्यामुळे इतर कंपन्यांच्या पर्यायांबद्दल विचारा. मात्र बिलासह, नोंदणीकृत दुकानातून आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर. व्हॉट्सॲपवरून स्वस्तात मिळणारं नको. आणि खर्च झेपणारा नसेल किंवा डोस कमी करूनही ओकारी थांबत नसेल, तर बंद करण्यात कसलीही हार नाही. फक्त तेही डॉक्टरांना सांगून करा, कारण त्यानंतर साखरेच्या गोळ्या पुन्हा बदलाव्या लागतील.

मिरजेचे डॉक्टर रागावतील हे मान्य. पाच मिनिटं रागावतील. जाताना इंजेक्शनचं खोकं, क्लिनिकची फाइल, गोळ्यांची पाकिटं आणि एक कागद न्या. कागदावर प्रत्येक डोस कधी सुरू केला, त्रास कोणत्या दिवशी झाला, त्या दिवशी काय खाल्लं आणि थरथर सुटली तेव्हाचा साखरेचा आकडा लिहा. पहिलं वाक्य पाठ करून जा : "मी तुम्हाला न सांगता हे सुरू केलं, आणि संध्याकाळी माझी साखर उतरतेय असं वाटतं." त्यानंतर ते ग्लिमेपिराइडचं बघतील, १ मिलिग्रॅमवर थांबायचं की ०.५ वर यायचं ते ठरवतील, आणि तपासण्या लिहून देतील. क्लिनिकमधल्या मुलीला फोनवर "माझे डॉक्टर ठरवतील" एवढं सांगितलं की पुरे.

लग्नात पंगत असेल, बुफे असला तरी आग्रह असेलच. जिलेबीचा एक तुकडा, मठ्ठा, थोडा मसालेभात घ्या आणि ताट हातात ठेवून सगळ्यांशी बोलत फिरा. हातात ताट असलं की कुणी "जेवलात का" विचारत नाही. आणि ब्लाउज आत्ताच शिवायला टाकू नका. लग्नाच्या पंधरा दिवस आधी माप द्या, आणि शिंप्याला आत दोन बोटं माया ठेवायला सांगा.